बाईंच्या बाजूचं बटण

‘बाईंच्या बाजूला बटण नको,’ गणपुले साहेब म्हणाले. ‘चारही काचांची बटणं माझ्या हाताशी द्या. उजव्या दाराला.’

‘एक त्यांच्या दाराला दिलं की बरं पडतं साहेब. सगळेच देतात. वायरही आहे तेवढी.’

‘नको म्हटलं ना.’ मग आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘आणि त्या दाराचा आतला खटका काढता येईल का? दार फक्त बाहेरून उघडेल, असं करायचंय.’

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. साहेब साठीच्या पुढचे, पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. महिन्याभरापूर्वी पुण्याहून वाईला येऊन गंगापुरीत भाड्यानं राहिले होते, एवढंच मला ठाऊक होतं.

‘आतून दार न उघडणारी गाडी मी आजवर केली नाही,’ मी म्हणालो.

‘मग आता करा.’

बाई गाडीत बसल्या होत्या. साहेब उतरले तेव्हा त्यांनी दार बाहेरून किल्लीनं बंद केलं होतं, ते मी पाहिलं होतं. बाईंच्या मांडीवर काळी पर्स, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी. त्या काचेतून माझ्याकडे पाहत होत्या. मी पाहिलं तशी त्यांनी हसून मान हलवली.

ही चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मेणवलीच्या रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान नुकतंच सुरू झालेलं. ती गाडी म्हणजे सहासष्ट सालची फियाट, फिक्या हिरव्या रंगाची, आणि इतकी जपलेली की दाराचं रबरसुद्धा कुठं तडकलं नव्हतं. हातानं फिरवायची हँडलं काढून मोटरच्या काचा बसवायचं काम तोवर मी दोनदाच केलं होतं, तेही नव्या गाड्यांना. मोटरी आणि वायरी साहेबांनी पुण्याहून आणल्या होत्या. एरवी असलं काम हातात आलं की मला रात्री झोप यायची नाही, इतका आनंद व्हायचा. या वेळी मात्र सुरुवातीलाच कुठंतरी खुपलं.

तीन दिवस लागतील म्हणालो. साहेब म्हणाले, ‘आम्ही इथंच बसतो.’

आणि खरंच ते सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा दुकानात बसले. दोन खुर्च्या जवळजवळ ओढून घेतलेल्या. बाई उठू लागल्या की साहेबांचा हात त्यांच्या मनगटावर जायचा. ‘कमल, बस.’ बाई बसायच्या. बाईंनी पाणी मागितलं तर साहेबच आणून द्यायचे, पेला आपल्याच हातात धरून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पदराची बाजू सरकली तेव्हा मला ते मनगट दिसलं. चार बोटांचे वळ. दोन हिरवट पडलेले, दोन अजून निळे.

मी मान खाली घालून दाराचं पॅड उतरवत राहिलो. डाव्या दाराचं हँडल काढायला घेतलं, तेवढ्यात बाई उठून उभ्या राहिल्या.

‘ते कशाला काढता?’

‘मोटर बसवतोय काकू. आता फिरवायला नको.’

‘मला विचारलं नाही कुणी,’ बाई म्हणाल्या. ‘गाडी माझी आहे.’

‘कमल.’

‘माझीच आहे,’ त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दुपारी डॅशबोर्डमागनं वायरी ओढायच्या म्हणून मी समोरचा कप्पा रिकामा केला. त्यात गाडीचं पुस्तक होतं. उघडायचं मला काही कारण नव्हतं, पण उघडलं. मालकाचं नाव होतं सौ. कमलिनी गजानन गणपुले. पुस्तक मी होतं तसं ठेवलं आणि पुन्हा वायरी ओढायला लागलो. स्क्रू दोनदा निसटला.

त्याच दुपारी शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली, ‘साहेब, पुण्याहून तुमचा फोन लागलाय.’ गणपुले क्षणभर घुटमळले. बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘दोन मिनिटं. यांना इथून हलू देऊ नका.’ आणि गेले.

ते दाराबाहेर पडल्याबरोबर बाई पुढं झुकल्या. आवाज अगदी शांत होता. शाळेतल्या बाई फळ्यावरचं वाचून दाखवतात तसा.

‘अहो, ऐका. हा माणूस माझा कुणी नाही. त्यानं मला घरात कोंडून ठेवलंय. बाहेरून कुलूप घालतो. माझी गाडी घेतली, दागिने घेतले. मिरजेला माझा भाऊ आहे. त्याला कळवाल का?’

माझ्या हातात पक्कड होती ती तशीच राहिली. ‘काकू, ते तुमचे मालक ना?’

‘तो तसं सांगतो सगळ्यांना.’ त्यांनी बूथकडे पाहिलं. ‘आला तो. काही बोलू नका. तुम्ही बोललात की मला त्रास होतो.’

साहेब आत आले तेव्हा बाई सरळ बसून साडीची निरी चाळत होत्या.

‘काय म्हणत होत्या?’

‘काही नाही.’

साहेबांनी आपली खुर्ची बाईंच्या आणखी जवळ ओढली. ‘त्या काही म्हणाल्या तरी लक्ष देऊ नका. आपलं काम करा.’

मी काम केलं. हे मला आजही सांगायला जड जातं, पण त्या संध्याकाळी मी डाव्या दाराचा आतला खटका सोडवला. दांडीची क्लिप काढली, दांडी तारेनं बांधून टाकली, वर पॅड ठोकून बसवलं. आतून बोट घालायलाही काही राहिलं नाही. हात आपोआप चालत होते आणि मनात सुगंधाताई होती.

ताई माझी थोरली बहीण. लग्नानंतर आठ महिन्यांनी एकदा अचानक आली आणि म्हणाली, ‘मला तिथं भीती वाटते.’ कशाची, ते तिला नीट सांगता येईना. आईनं साखर-भात केला, वडलांनी समजूत घातली, आणि मी, तेव्हा सतरा वर्षांचा, तिची पिशवी घेऊन तिला एसटीत बसवून आलो. पंधरा दिवसांनी स्टोव्हचा भडका उडाला म्हणून निरोप आला. आम्ही पोहोचलो तेव्हा ओळखायला फक्त पायातली जोडवी उरली होती.

त्या रात्री मी घरी जेवलो नाही. पोलिसांत जावं तर सांगायचं काय? बाई म्हणाल्या एवढंच. आणि खटका तर मीच काढला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी तयार झाली. चारही काचा बटणासरशी वर-खाली जात होत्या. साहेबांनी स्वतः दहा वेळा दाबून पाहिलं. मग डाव्या दाराला आतून चाचपलं. दार उघडत नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला ऐकू आला.

‘पाचगणीपर्यंत जाऊन येऊ,’ ते म्हणाले. ‘घाटात फ्यूज टिकतो का बघा. तुम्ही मागे बसा.’

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. खरं म्हणजे बाईंना एकट्या त्यांच्याबरोबर घाटात पाठवायची माझी छाती झाली नाही.

पसरणी घाट सुरू होईपर्यंत ठीक होतं. साहेबांनी सगळ्या काचा वर घेतल्या होत्या. त्यांच्या बाजूची तेवढी चार बोटं उघडी. एप्रिलचं ऊन, पत्र्याची गाडी. पहिल्या चढालाच बाईंचा डावा हात दारावर फिरू लागला. हँडल होतं त्या जागी, नव्या गुळगुळीत पॅडवर, तळहात गोल गोल फिरत होता. धरायला काही नव्हतं.

‘काच,’ बाई म्हणाल्या.

‘आत्ता नको कमल. वर गेल्यावर उघडू.’

‘काच उघडा. हँडल कुठं गेलं? इथलं हँडल कुठं आहे?’

‘कमल, ऐक माझं.’

हात जोरात फिरू लागला. मग त्या मागे वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसे डोळे मी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत. ‘हा मला मारणार आहे,’ त्या म्हणाल्या. ‘वर नेऊन ढकलून देणार आहे. तुम्ही बघताय ना? बघत काय बसलाय?’

‘साहेब, उघडा ना काच,’ मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. ‘गुदमरतंय त्यांना.’

‘तुम्ही मध्ये पडू नका!’ साहेब ओरडले.

बाईंनी पर्स उचलून त्यांच्या तोंडावर मारली. चष्मा उडाला. गाडी उजवीकडे गेली, समोरून येणाऱ्या टेम्पोनं हॉर्नचा आकांत केला, आणि साहेबांनी कशीबशी सावरून पुढच्या वळणावर, कठड्याशी गाडी थांबवली. भुवईवर रक्त आलं होतं. त्यांनी पायाशी चाचपून चष्मा उचलला, दार उघडलं आणि उतरले. कठड्याला दोन्ही हात टेकून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे वरखाली होत होते. पलीकडे नुसती दरी होती. हा माणूस आता काहीतरी ठरवतोय, असं मला वाटलं.

इंजिन चालूच होतं. काचा तपासताना बॅटरी बसू नये म्हणून गाडी बंद करू नका, असं मीच सांगून ठेवलं होतं.

‘गाडी येते ना तुम्हाला?’ बाई कुजबुजल्या. ‘चला. तो वळायच्या आत चला.’

मी मागचं दार उघडून उतरलो, पुढं बसलो, गिअर टाकला. दाराच्या आवाजानं साहेब वळले. ‘अहो! अहो, नाही!’ ते धावले. बॉनेटवर त्यांचा हात एकदा आपटला. मग आरशात ते दिसले, एक चप्पल निघालेली, दोन्ही हात वर. काय ओरडत होते ते मला ऐकू आलं नाही.

पहिलं काम मी काय केलं असेल, तर डावीकडच्या काचेचं बटण दाबलं. काच सरसर खाली गेली. बाईंनी तोंड वाऱ्याकडे केलं आणि डोळे मिटले.

‘पाचगणीला पोलीस आहेत,’ मी म्हणालो. ‘तिथं सगळं सांगा काकू. मी साक्ष देईन. मग भावाला फोन लावू. नाव काय त्यांचं?’

‘दादा.’

‘पूर्ण नाव?’

‘दादा म्हणतो आम्ही. रेल्वेत लागलाय ना नुकताच.’

मला ते ऐकूनही ऐकू आलं नाही. बाई साठीच्या, तर भाऊ नुकताच कसा लागेल? पण मी आरशात बघत होतो, मागून कुणी येतंय का ते.

‘मिरजेत कुठं राहतात?’

‘स्टेशनाजवळ. आईला म्हणावं ओरडू नकोस. आज शाळा उशिरा सुटली.’

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्या हसत होत्या.

‘काकू,’ मी हळूच विचारलं, ‘ही गाडी केव्हा घेतलीत तुम्ही?’

त्यांनी माझे हात पाहिले, ग्रीसनं काळे झालेले. मग माझा चेहरा पाहिला. हसू हळूहळू गेलं.

‘तुम्ही कोण?’

‘मी मुरली काकू. वायरिंगवाला. मघाशी...’

‘कुठं नेताय मला? मी ओळखत नाही तुम्हाला. सोडा. सोडा मला!’

त्यांचा हात दारावर खटका शोधू लागला. खटका नव्हता. मग त्यांनी गुडघा सीटवर टेकला आणि डोकं, खांदे, अर्धं अंग त्या उघड्या खिडकीतून बाहेर काढलं. वळणानंतर दरी त्याच बाजूला आली होती. गाडी चालू, समोर चढ. माझा हात बटणाकडे गेला आणि तसाच मागे आला. ती मोटर मीच बसवली होती. मध्ये माणसाचं अंग आलं तरी ती थांबत नाही, हे मला माहीत होतं.

मी त्यांचं मनगट पकडलं. जितकं जोर लावून पकडता येईल तितकं. त्या किंचाळत होत्या, दुसऱ्या हातानं माझे केस ओढत होत्या, आणि मी एका हातानं स्टिअरिंग सांभाळत ब्रेकवर उभा राहिलो. गाडी रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या रंगवलेल्या दगडाला टेकून थांबली. मी त्यांना आत ओढलं. तरी मनगट सोडलं नाही. सोडायची हिंमतच होईना.

तेव्हा मला दिसलं. माझी चार बोटं त्या जुन्या वळांवर बरोबर बसली होती.

किती वेळ तसे बसलो सांगता येणार नाही. एक एसटी खाली गेली. त्यातल्या बायका आमच्याकडे टक लावून बघत होत्या. परक्या म्हातारीचा हात पिरगाळून बसलेला मी त्यांना कसा दिसलो असेन, ते तेव्हा मला कळलं. हळूहळू बाईंचा श्वास जागेवर आला. हात सैल पडला. त्यांनी केस सारखे केले, पदर घेतला.

‘उन्हाळा फार आहे नाही यंदा?’ त्या म्हणाल्या.

‘हो काकू.’

‘गाडी चांगली चालवता तुम्ही.’

मी काच दोन बोटं ठेवून वर घेतली आणि जागा बघून गाडी वळवली. उतारावर मला एकच दिसत होतं, कठडा आणि पलीकडची दरी. तो माणूस तिथं असेल का, आणि नसला तर? पासष्ट वर्षांच्या, फुटलेल्या भुवईच्या माणसाला मी भर उन्हात सोडून आलो होतो. तेही त्याची बायको घेऊन.

ते होते. रस्त्याच्या कडेनं वर चालत येत होते. एक पाय अनवाणी, शर्ट पाठीला चिकटलेला. मी वीसेक पावलं अलीकडे थांबलो, किल्ली काढून घेतली आणि उतरून त्यांच्याकडे गेलो. मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी आधी माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. बाई दिसल्या तेव्हा ते तिथंच दगडावर बसले.

‘लागलं नाही ना तिला?’

‘नाही. मनगट... मी धरलं होतं. खिडकीतून जात होत्या.’

‘हां,’ ते म्हणाले. ‘धरावंच लागतं.’

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपासून बाईंचं एकेक पुसत चाललं होतं. आधी गॅस बंद करायचं, मग घराचा रस्ता, मग माणसं. फेब्रुवारीत कात्रजच्या अलीकडे त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं होतं. साहेबांनी साडी धरली म्हणून वाचल्या. पुण्यात शेजारी तोंडावर वेडी म्हणू लागले, म्हणून वाईला आले. घरात मात्र त्या थांबायच्या नाहीत. गाडीत बसल्या की शांत व्हायच्या. त्यांची गाडी ती. त्यांच्या वडलांनी घेऊन दिलेली, पंचवीस वर्षं त्यांनीच चालवलेली. साहेबांना तर त्यांनीच गाडी शिकवली होती.

‘मला का नाही सांगितलंत?’ मी म्हणालो. ‘पहिल्याच दिवशी सांगायचं साहेब.’

‘तिच्यादेखत कसं सांगणार? तिला कळतं. मधूनमधून कळतं.’ त्यांनी रुमालानं भुवई पुसली. ‘आणि ती तुमच्याकडे मदत मागत होती. तुम्ही केलीत. त्यावर मी काय बोलणार?’

यानंतर ते चार वर्षं वाईत राहिले. मी दुसऱ्याच दिवशी बाईंच्या दाराला जुनं हँडल परत लावलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं, नुसतं फिरायचं. बाई प्रवासभर ते फिरवत बसायच्या आणि साहेब त्या अंदाजानं आपल्याकडचं बटण दाबून काच इंचभर खाली घ्यायचे. बाईंनी मला पुन्हा कधी ओळखलं नाही. दर वेळी नव्यानं नाव विचारायच्या. त्या गेल्यावर साहेब मुलीकडे नागपूरला गेले, आणि गाडी कुणी नेली ते मला कळलं नाही.

पण त्या दुपारी घाटात, साहेब उठले आणि आम्ही दोघं गाडीकडे चालत आलो. बाई काचेच्या फटीतून त्यांच्याकडे बघत होत्या. आता पुन्हा सुरू होणार असं वाटलं. साहेबही थबकले, दोन पावलं मागेच उभे राहिले. अंगणात आलेल्या पाखराला उडू नये म्हणून माणूस उभा राहतो तसे.

‘अहो, तुमच्या पायात चप्पल नाही एका,’ बाई म्हणाल्या. ‘एवढ्या उन्हाचे चालत कुठं निघालात?’

‘वाईला,’ साहेब म्हणाले.

‘मग बसा ना. आम्ही तिकडंच चाललोय.’

‘चालेल तुम्हाला?’

‘न चालायला काय झालं? मागं जागा आहे.’

साहेब मागचं दार उघडून, अंग चोरून बसले. मी गाडी सुरू केली. दोन वळणं गेली. मग बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

‘वाईला कुणाकडे जायचंय तुम्हाला?’

‘घरी,’ साहेब म्हणाले. ‘बायको असते माझी.’

बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला.

‘जरा लवकर घ्या हो,’ त्या मला म्हणाल्या. ‘वाट बघत असेल बिचारी.’